मिठाची जागा

पोर्क चॉप म्हणजे डुकराच्या पाठीकडचा, हाडासकट कापलेला तळहाताएवढा तुकडा. तो बिडाच्या जड पॅनमध्ये दोन्ही बाजूंनी लालसर करून घ्यायचा, त्याच्यावर मश्रूम सुपाचा एक डबा उपडा करायचा, अर्धा डबा दूध घालायचं, झाकण ठेवायचं आणि मंद आचेवर पंचवीस मिनिटं तिकडे बघायचं नाही. झालं जेवण. मी त्रेसष्ट वर्षांची, पुण्यातल्या सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेली बाई. आजवर अंडंसुद्धा फोडलेलं नाही. पण ही कृती मला आता झोपेतून उठवून विचारली तरी बिनचूक सांगता येते, आणि ती सांगता येते याचंच मला अधूनमधून रडू येतं.

हे सगळं एका 'हो'मुळे झालं.

आमच्या घरात नवऱ्याला नावाने हाक मारायची पद्धत नव्हती. मी "अहो" म्हणायची, ते "हो" म्हणायचे. लग्नानंतर तीन वर्षांनी अमेरिकेत आलो, त्यांना मोटारीच्या कारखान्यात नोकरी लागली, इथे ट्रॉयमध्ये घर घेतलं. शेजारपाजारच्या बायका नवऱ्यांना काय काय नावांनी हाका मारतात ते रोज ऐकलं, तरी आमचं 'अहो' आणि 'हो' काही सुटलं नाही. लेक बालवाडीत असताना तिने बाईंना वडिलांचं नाव 'अहो' असं सांगितलं होतं, आणि वर्षभर शाळेतून त्याच नावाने चिठ्ठ्या यायच्या. ते त्या चिठ्ठ्यांवर मुकाट्याने सही करायचे.

गेल्या मार्चमध्ये एका सकाळी दात घासताना त्यांच्या हातातून ब्रश पडला आणि तो त्यांना परत उचलता येईना. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी अडकली होती. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि शब्द गेले. तीस वर्षं गाडीच्या ब्रेकवर तासन् तास बोलू शकणारा माणूस, त्याचे मराठी, इंग्रजी, हिंदी सगळे शब्द गेले. एक तेवढा राहिला. तो 'हो'.

मला आधी तो केवढा आधार वाटला. इस्पितळातून त्यांना पुनर्वसनाच्या केंद्रात हलवलं, तेव्हा मी जाड मार्करने एक कागद लिहून पलंगावरच्या भिंतीला चिकटवला. त्यावर इंग्रजी अक्षरांत 'हो म्हणजे येस' असं लिहिलं होतं. वाटलं, इथल्या लोकांना निदान एवढं तरी कळेल. दोन दिवसांनी बोलायला शिकवणारी थेरपिस्ट आली. पंचविशीतली, फार गोड पोरगी. तिने त्यांना विचारलं, तुमचं घर ट्रॉयला आहे का? ते म्हणाले, हो. मग विचारलं, तुम्ही बाई आहात का? ते तितक्याच शांतपणे म्हणाले, हो. मग तिने मला बाहेर नेऊन समजावलं की हा शब्द फक्त तोंडातून येतो, त्याला उत्तर समजू नका. मी मान डोलावली. पण भिंतीवरचा कागद काही मी काढला नाही. मला तिचं पटलं नव्हतं. अडतीस वर्षं ज्या शब्दावर संसार केला तो ही कालची पोर रद्द करणार होती का?

त्याच्यापेक्षा मोठी काळजी जेवणाची होती. गिळायला त्रास होता, त्यामुळे सगळं बारीक करून, दाटसर करूनच द्यावं लागे. घरून मी वरणभात नेई. त्यात ती घट्ट करायची पावडर घातली की त्याची खळ व्हायची. ते घास तोंडात धरून ठेवायचे आणि थोड्या वेळाने तो ओठाच्या कोपऱ्यातून खाली यायचा. पेज झाली, मऊ खिचडी झाली, गुरगुट्या भात झाला. माझ्या हातचं काहीही पोटात जाईना. वजन आठवड्यागणिक उतरत होतं. डॉक्टरांनी सांगितलं, असंच चाललं तर पोटाला छिद्र पाडून नळी बसवावी लागेल.

नळी म्हणजे काय ते मी पाहिलं होतं. काही वर्षांपूर्वी आम्ही त्यांच्या एका मित्राला बघायला गेलो होतो, त्याला तशीच नळी होती.  परतताना गाडीत आमच्या वळणाशी आल्यावर ते म्हणाले, "मला असं करू देऊ नकोस. तोंडाने जाईल तेवढंच जाऊ दे." त्या दिवशी 'हो' मी म्हटलं होतं.

तर एका दुपारी रस्त्याच्या कामामुळे मी अर्धा-पाऊण तास उशिरा पोचले. खोलीत शिरले तर जेवणाचा ट्रे रिकामा. त्यांची काळजी घेणारी एक एड होती, माझ्याच वयाची, थोराड हाडापेराची, त्यांना एकटीने पलंगावरून खुर्चीत उचलून ठेवणारी. ती हसून म्हणाली, आज ताट चाटूनपुसून साफ केलंय. मी विचारलं, काय दिलंत? म्हणाली, पोर्क चॉप, बारीक करून, ग्रेव्हीत. पुढे म्हणाली, मी त्यांना विचारलं होतं, पोर्क चॉप चालेल का, आणि ते म्हणाले, हो. असं म्हणून तिने भिंतीवरच्या माझ्या कागदाकडे बोट दाखवलं.

ते शाकाहारी आहेत हे मी दाखल करतानाच फॉर्मवर लिहून दिलं होतं. मला तिच्यावर तोंडसुख घ्यायचं होतं, आणि त्यासाठी मी तोंड उघडलंही होतं. पण बाहेर पडलं ते एवढंच, "सगळं संपवलं?"

ती गेल्यावर मी त्यांच्यासमोर बसले. मला खरोखर जाणून घ्यायचं होतं. तीस वर्षं कारखान्याच्या कँटीनमध्ये डबा नेणारा माणूस, पण परगावी कामाला गेल्यावर काय खात होता, कुणी पाहिलंय?

"अहो, तुम्ही हे आधी कधी खाल्लं होतंत?"

"हो."

"म्हणजे नव्हतं खाल्लं?"

"हो."

"मग आवडलं म्हणून खाल्लंत, का समोर आलं म्हणून?"

"हो," ते म्हणाले, आणि माझ्याकडे अशा मायेने बघत राहिले की मला पुढे विचारवेना.

त्यानंतर त्यांनी पुन्हा दोनदा ते खाल्लं. इतर काही दिलं की अर्ध्यावर सोडायचे, हे मात्र संपवायचे. थेरपिस्ट म्हणाली, ग्रेव्ही दाट आणि गुळगुळीत असते, घास एकसंध खाली उतरतो, त्यामुळे असेल. काय असेल ते असो. घरी सोडायची वेळ आली तेव्हा मी त्या एडला गाठलं आणि हळूच, कुणी ऐकत तर नाही ना असं बघत, हे करतात कसं म्हणून विचारलं. ती म्हणाली, यात काय करायचंय, माझी आई आठवड्यातून दोनदा करायची, आमच्याकडे सगळ्यांची आई करायची. तिने मेन्यूच्या कागदाच्या पाठीवर चार ओळी लिहून दिल्या. पहिली ओळ होती, चॉप दोन्ही बाजूंनी सीझन करा, म्हणजे मीठ-मिरपूड लावा.

आता खरेदी. सुपरमार्केटातल्या ज्या रांगेतून मी गेली पस्तीस वर्षं श्वास रोखून ट्रॉली पळवली, तिथे जाऊन मी उभी राहिले. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, हाडासकट की बिनहाडाचे, जाड की पातळ? मला त्यातलं काय कळणार? मी म्हटलं, पेशंटसाठी आहेत. त्याने जराही न हसता पातळ कापलेले दोन बांधून दिले.

मग सुपाचा डबा. इथे माझी अक्कल कशी चालली ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. या देशात आल्यापासून मी एकही डबा, पुडा, बाटली पाठ न वाचता घेतलेली नाही. बिस्किटात जिलेटिन आहे का, चीजमध्ये काय आहे, सुपात कोंबडीचं पाणी तर नाही ना. माझी नजर त्या बारीक अक्षरांवरून अशी फिरते की जे असायला नको तेवढंच तिला दिसतं. तर मी त्या रांगेत उभं राहून, ट्रॉलीत डुकराचे दोन तुकडे असताना, मश्रूम सुपाचा डबा फिरवून फिरवून वाचला आणि त्यात मांसाचा काही अंश नाही अशी खात्री झाल्यावर माझा जीव भांड्यात पडला. त्याच डब्यावर मिठाचा आकडा होता. तो मी वाचला नाही. मीठ काय, असायलाच हवं असतं.

स्वयंपाकघरात हे करणं मला जमलं नसतं. इथल्या पुष्कळ देशी घरांत गराजमध्ये एक जास्तीची शेगडी असते, तळणीचा वास घरात कोंडू नये म्हणून. माझ्या चकल्या तिथेच होतात. चकल्यांची शेगडी मी बाजूला झाकून ठेवली आणि एक नवी विजेची शेगडी, नवं बिडाचं पॅन, चिमटा, सुरी, मिक्सरचं एक जास्तीचं चटणीचं भांडं आणि कागदी पत्रावळ्यांसारख्या प्लेट्सचा गठ्ठा असा वेगळा संसार तिथे मांडला. सकाळी देवापुढे उभी राहिले. काय सांगायचं ते सुचेना, म्हणून नुसता दिवा लावून आले.

पहिल्या दिवशी भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून चॉप पॅनमध्ये टाकला. चरबी तडतडायला लागली तशी मी गराजच्या बाहेर जाऊन उभी राहिले. शेजारी गवत कापत होता. तो यंत्र थांबवून म्हणाला, आज काय झकास वास येतोय तुमच्याकडून. तीस वर्षांत माझ्या स्वयंपाकाबद्दल त्याने काढलेले हे पहिलेच शब्द. मी चिमटा हलवून त्याला थँक्यू म्हटलं आणि आत आले.

डबा उघडून उपडा केला तर सूप ओतलंच जाईना. मग धप्पकन एक पांढरा गोळा पडला, डब्याच्या आकाराचा, अंगावर डब्याच्या वळ्या उमटलेला. मला वाटलं नासलंय. पुन्हा दुकानात जाऊन दुसरा आणला, तोही तसाच. तेव्हा कळलं की हे असंच असतं, दूध घालून त्याला माणसात आणायचं. दूध घातलं, हलवलं, झाकण ठेवलं. आणि झाकण ठेवायच्या आधी मीठ घातलं.

माझ्या आईच्या घरी स्वयंपाक करताना चाखत नसत. चाखलं की उष्टं झालं, मग ते देवालाही नाही आणि माणसांनाही नाही. मीठ हाताला कळायला हवं असं आई म्हणायची, आणि मला ते कळत होतं. मंडळाच्या गणपतीला दोनशे माणसांच्या मसालेभाताचं मीठ माझ्या हातून पडायचं. माझ्या हाताचा न्याय व्हायचा तो थेट पहिल्या घासाला, आणि तो करणारे हे. पहिला घास घेतला की म्हणायचे, "मीठ बरोबर." कधी, "मीठ किंचित जास्त." कमी असलं तर बोलायचेही नाहीत. ताटात वर मधोमध, जिथे मीठ वाढतात, तिथे बोटाने दोनदा ठोकायचे. लेक अगदी लहान असतानाच त्यांना ब्लडप्रेशरच्या गोळ्या लागल्या, तेव्हापासून मी ताटात मीठ वाढणं बंद केलं होतं, पण त्यांच्या बोटाला ती जागा पाठ होती.

तर पॅनमधला तो पांढरा प्रकार बघून मी अंदाज केला. चार माणसांच्या भाजीएवढा ऐवज दिसत होता. दुधासारख्या पांढऱ्या पदार्थात आधीच मीठ असेल असं माझ्या मनातही आलं नाही. चॉपला दोन्ही बाजूंनी मीठ चोळलं होतंच, कारण कागदावर सीझन करा असं लिहिलं होतं. वर चार माणसांच्या भाजीचं घातलं. चाखायचा प्रश्न तर कधीच नव्हता, आणि या पदार्थापुरता तर अजिबातच नव्हता.

हाड काढून, मिक्सरमध्ये ग्रेव्हीसकट फिरवून मी ते चमच्याने त्यांना भरवलं. घास आत गेला, गळ्याचा मणी वर गेला, खाली आला. पुढचा घास. एकही ओठाबाहेर आला नाही. प्लेट रिकामी झाली तेव्हा मी तिथेच पलंगाच्या कडेला बसून हसले की रडले ते मलाही आठवत नाही. "आवडलं?" मी विचारलं. "हो," ते म्हणाले.

मग दुपारी तेच, रात्रीही तेच. दोन चॉप दोन दिवस पुरायचे. पुण्याला बहिणीचा फोन आला की मी सांगायची, मऊ भात खातात हं आता छान. मंडळातल्या मैत्रिणी खिचडीचे डबे आणून द्यायच्या, ते मी आभार मानून फ्रीजरमध्ये रचून ठेवायची. इतकं खोटं मी उभ्या जन्मात बोलले नव्हते. त्याचं मला फारसं काही वाटतही नव्हतं, कारण दर मंगळवारी घरी नर्स यायची, त्यांना वजनाच्या काट्यावर धरून उभं करायची, आणि काटा वर जात होता. पहिल्या आठवड्यात दोन पाउंड. दुसऱ्या आठवड्यात तीन. पाणीही मागच्यापेक्षा पुष्कळ घ्यायला लागले होते. मी शिकागोला लेकीला फोन करून आकडे सांगायची. नर्स म्हणाली, असंच राहिलं तर नळीचा विषय बंद. मी त्या दिवशी गोडाचा शिरा केला आणि एकटीनेच खाल्ला.

तिसऱ्या मंगळवारी नर्सने त्यांच्या पायांवर बोट दाबलं. बोट काढल्यावर तिथे खळगा तसाच राहिला. ब्लडप्रेशर दोनदा घेतलं, मग तिसऱ्यांदा घेतलं. तिने विचारलं, जेवणात मीठ किती असतं? मला तो प्रश्न जरा लागलाच. मी म्हटलं, माझा मिठाचा हात आमच्या लोकांत प्रसिद्ध आहे. ती म्हणाली, बरं, पण डॉक्टरांना कळवते.

त्या शनिवारी लेक आली. ती सगळं खाते, ते मला माहीत आहे, त्यावर आम्ही बोलत नाही. गराजमध्ये मी झाकण काढलं तशी ती मागे येऊन उभी राहिली आणि तिला हसू फुटलं. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, आई, यू आर अनबिलीव्हेबल. मग तिने चमचा घेतला आणि थोडीशी ग्रेव्ही तोंडात घातली.

 गराजच्या कोपऱ्यात बागेच्या नळाची तोटी आहे, तिथे जाऊन तिने ती थुंकली आणि बराच वेळ चुळा भरत राहिली.

"आई, डिड यू टेस्ट धिस?"

"मी कशी चाखणार?"

"कधीच नाही? तीन आठवडे?"

"मी काहीच चाखत नाही, तुला माहीत आहे."

तिने डबा उचलून पाठ माझ्यासमोर धरली आणि एका आकड्यावर नख ठेवलं. मग पॅनकडे बघितलं, मिठाच्या बरणीकडे बघितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खालच्या आवाजात म्हणाली, "आई, हे कुणीच खाऊ शकत नाही. बाबा हे खात होते?"

ते हे खात होते. दिवसातून दोनदा, शेवटच्या चमच्यापर्यंत, आणि प्रत्येक वेळी मी विचारत होते की बरं आहे ना, आणि प्रत्येक वेळी ते सांगत होते, हो. पानात काही टाकायचं नाही हे त्यांच्या आईने लहानपणी त्यांच्या अंगात इतकं मुरवलं होतं की कारल्याची जळकी भाजीही ते संपवायचे. पण मग माझा वरणभात का सोडला? का त्यांच्या जिभेची चवही शब्दांबरोबर गेली होती? का मी आनंदाने भरवते आहे हे बघून गिळत होते? मी आत जाऊन त्यांनाच विचारलं. मी त्यांच्या पायाशी बसून विचारलं, "अहो, खारट होतं का हो?" आणि त्यांनी जे सांगायचं तेच सांगितलं.

डॉक्टरांनी मीठ पूर्ण बंद केलं आणि अंगातलं पाणी काढायची गोळी दिली. चार दिवसांत पाय उतरले. त्यांच्याबरोबर वजनही उतरलं. सगळेच्या सगळे पाउंड गेले आणि वर आणखी दोन. ते वाढलेलं वजन म्हणजे साठलेलं पाणी होतं, अंगी काहीच लागलं नव्हतं. मी ज्यासाठी शिरा केला ते पाणी होतं. नर्सने फार हळुवारपणे सांगितलं की आता येत्या मंगळवारचा आकडा बघून डॉक्टर नळीचं ठरवतील. लेक आठवडाभर थांबली होती, सोमवारी कामासाठी परत जायची होती; जाण्याआधी तिने बिनमिठाच्या सुपाचे सहा डबे आणून गराजच्या फळीवर रचले आणि प्रत्येकावर मार्करने मोठ्ठं 'नो' लिहिलं, माझ्यासाठी.

रविवारी दुपारी मी त्यातला एक उघडला. चॉपला काही लावलं नाही. मिठाची बरणी घरातच ठेवली होती, हाताला सवयीने सापडू नये म्हणून. त्याऐवजी मिरपूड घातली, लसूण घातली, लिंबू पिळलं. आणि झाकण काढल्यावर मी चमच्याच्या टोकावर थोडी ग्रेव्ही घेतली आणि जिभेला लावली. जन्मात पहिल्यांदा वाढण्याआधी चाखलं, आणि चाखलं ते हे. त्याला काहीच चव नव्हती. मी तोंड धुतलं आणि प्लेट घेऊन आत गेले.

ते खिडकीशी खुर्चीत बसले होते. लेक स्वयंपाकघरात त्यांच्या गोळ्यांच्या डबीत आठवड्याच्या गोळ्या भरत होती. मी छोटा स्टूल ओढून समोर बसले, प्लेट त्यांच्या मांडीवरच्या ट्रेवर ठेवली आणि पहिला चमचा भरवला. त्यांनी तो घेतला. तोंडात धरला. मी त्यांच्या गळ्याकडे बघत होते. बऱ्याच वेळाने तो खाली गेला. दुसरा चमचा मी ओठांशी नेला तर ओठ उघडले नाहीत.

मग त्यांचा डावा हात ट्रेवर आला. तो हात हलतो, पण गेल्या तीन महिन्यांत त्यांनी तो कशासाठीही पुढे केला नव्हता, पाण्यासाठी नाही, चष्म्यासाठी नाही, माझ्यासाठीही नाही. तो सावकाश कागदी प्लेटच्या वर आला, थोडा चुकला, परत सरकला, आणि बोटाने प्लेटच्या वरच्या मधल्या जागी दोनदा ठोकलं.

मी लेकीला हाक मारली. ती येऊन दारात उभी राहिली. तिला त्या खुणेचा अर्थ माहीत नव्हता, तिच्या आठवणीत आमच्या ताटांत मीठ वाढलेलंच नव्हतं. तिने विचारलं, व्हॉट इज ही डुइंग? मी म्हटलं, मीठ मागताहेत.

आजारी पडल्यापासून त्यांनी स्वतःहून काही मागितलं ते हे. म्हणजे जीभ शाबूत होती. आज चव कळत होती, म्हणजे ते तीन आठवडेही कळत होती. मला तेव्हा दोन्ही गोष्टी एकदम कळल्या आणि दोन्हींचं मला काहीच करता येईना. मी उठले, आत गेले, बरणीतून चिमूटभर मीठ घेतलं. कशासाठी, ते मला माहीत नव्हतं. परत येऊन समोर बसले. चिमूट प्लेटवर नेली, तिथेच धरली. लेक म्हणाली, "आई." एवढंच म्हणाली. मी चिमूट सोडली नाही. बोटांच्या घामाने मीठ ओलं होत होतं.

त्यांनी माझ्या चिमटीकडे बघितलं आणि पुन्हा त्याच जागेवर ठोकलं.

काहीतरी बोलायला हवं होतं.  जे अडतीस वर्षं विचारलं होतं तेच मी विचारलं.

"अहो, मीठ बरोबर आहे ना?"

"हो," ते म्हणाले, आणि त्यांचं बोट त्या रिकाम्या जागेवर ठोकतच राहिलं.